सांगलीत संगीत नाटक आणि मैफलींचा हंगाम कसा बसवायचा

सांगली-मिरजेतल्या एखाद्या मंडळाला नोव्हेंबर ते मार्च असा सहा कार्यक्रमांचा हंगाम करायचा असेल, समजा तीन संगीत नाटके, दोन मैफली आणि एक वाद्यसंगीताचा कार्यक्रम, तर पहिला फोन नायकाला किंवा नाट्यगृहाच्या कार्यालयाला करू नका. पहिला फोन ऑर्गनवादकाला करा आणि दुसरा तबलावादकाला. गाणारे नट शोधले की सापडतात. नाटकाला साथ करणारे मात्र मोजके आहेत आणि पुणे, मुंबई, गोवा, कोकण सगळीकडून त्यांनाच बोलावणी असतात.

मैफलीत सुरेख वाजवणारा वादक नाटकात अडखळू शकतो, कारण तिथले काम वेगळे असते. संवादाचा शेवटचा शब्द पडायच्या आत सूर द्यायचा, नटाने श्वास घेतला की पद उचलायचे. त्याच्याकडून ओळ सुटली तर न थांबता पुढच्या ओळीला जाऊन मिळायचे. वन्स मोअर आला की अस्ताई (पदाची पहिली, फिरून येणारी ओळ) कुठून घ्यायची हे त्याच्या नजरेवरून ओळखायचे. हे काम येणारी एक जोडी सबंध हंगामासाठी बांधून घ्या. तिन्ही नाटकांना तीच जोडी असली तर तालमींचा निम्मा त्रास वाचतो.

तारखा

जून ते सप्टेंबर सोडून द्या. 2005, 2019 आणि 2021 या तिन्ही वर्षी कृष्णेचे पाणी जुलै-ऑगस्टमध्येच शहरात शिरले. पूर नसला तरी पावसाळी दमटपणात तबल्याची पुडी (वरचे कातडे) उतरते आणि ऑर्गनच्या पट्ट्या फुगून अडकतात.

5 नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. विष्णुदास भावे यांनी 1843 मध्ये सांगलीच्या पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने 'सीता स्वयंवर' केले, म्हणून या तारखेला सांगलीत हंगाम सुरू करावासा वाटणे साहजिक आहे. पण त्या दिवशी विष्णुदास भावे नाट्यमंदिरात भावे गौरवपदकाचा सोहळा असतो, तेव्हा ते नाट्यगृह मागू नका. त्याच आठवड्यातला शनिवार-रविवार घ्या किंवा मिरजेच्या बालगंधर्व नाट्यगृहात नाट्यपदांची मैफल ठेवा. दिवाळी नोव्हेंबरात येत असेल तर दिवाळीनंतरचा दुसरा रविवार चांगला.

नोव्हेंबरच्या मध्यापासून राज्य नाट्य स्पर्धेच्या फेऱ्या सुरू होतात. त्या सांगली केंद्रावर असतील तर नाट्यगृह सलग अडकते, म्हणून स्पर्धेचे वेळापत्रक हातात येईपर्यंत त्या काळातली कोणतीही तारीख पक्की धरू नका. डिसेंबरात पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाच्या आठवड्यात चांगले साथीदार मिळत नाहीत आणि दर्दी श्रोतेही पुण्याला गेलेले असतात. तुळशीच्या लग्नानंतर लग्नतिथी सुरू होतात. दाट तिथीच्या रविवारी निम्मे प्रेक्षक मंगल कार्यालयात जेवायला बसलेले असतात, म्हणून पंचांग उघडे ठेवूनच तारखा लावा. फेब्रुवारीत बारावीची आणि पाठोपाठ दहावीची परीक्षा येते. त्या महिन्यात नाटकापेक्षा मैफल बरी, तिला मुलांचे आईवडील नसले तरी चालते.

उरतो डिसेंबरचा उत्तरार्ध आणि जानेवारी. हवा कोरडी, रात्री गार, वाद्ये सुरात राहतात. सर्वांत अवघड नाटक इथे लावा. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ मिरजेच्या दर्ग्यात होणाऱ्या संगीतसभेच्या तारखांशीही टक्कर घेऊ नका. तिथला श्रोता हाच तुमचा श्रोता असतो.

कोणते नाटक पेलेल

गाणारे किती आहेत ते आधी मोजा. 'सौभद्र' (1882) करायचे तर कृष्ण, अर्जुन, सुभद्रा, नारद आणि रुक्मिणी असे किमान पाच गळे हवेत, आणि त्यांपैकी तीन तरी सबंध प्रयोग ताजे राहणारे असावेत. 'मानापमान' (1911) दिसायला हलके असले तरी धैर्यधर आणि भामिनी दोघांच्या आवाजाचा पल्ला मोठा लागतो. 'स्वयंवर' (1916) म्हणजे भास्करबुवा बखले यांच्या रागदारी चाली. रुक्मिणीच्या गळ्यावर सगळा भार पडतो, तिला पर्यायी गायिका नसेल तर हात घालू नका. पहिल्या हंगामाला आमची शिफारस 'शारदा' (1899) ही आहे. लेखक गोविंद बल्लाळ देवल सांगलीजवळच्या हरिपूरचे, विषय आजही पोचतो, चाली सुटसुटीत आहेत आणि शब्द गाण्याखाली दबत नाहीत. अट एकच, शारदेचे काम करणारी मुलगी खरोखर कोवळ्या आवाजाची हवी. चाळिशीतल्या कसलेल्या गायिकेने ते काम केले की जरठकुमारी विवाहाचा, म्हणजे म्हाताऱ्याशी लावलेल्या कोवळ्या मुलीच्या लग्नाचा, मुद्दाच कोसळतो.

लेखनाच्या हक्काचे साधे गणित असे: लेखक वारल्याच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षे हक्क राहतो. 'सौभद्र'चे किर्लोस्कर 1885 मध्ये, 'शारदा'चे देवल 1916 मध्ये, 'मानापमान' आणि 'स्वयंवर'चे खाडिलकर 1948 मध्ये गेले. त्यांची मूळ नाटके मोकळी आहेत. 'कट्यार काळजात घुसली' (1967) सारख्या नाटकाला लेखक आणि संगीतकार दोघांच्याही वारसांची लेखी परवानगी लागते. जुन्या नाटकाची एखाद्याने अलीकडे केलेली रंगावृत्ती (प्रयोगासाठी कापून-बेतलेली संहिता) किंवा नव्याने बांधलेली चाल मोकळी नसते, हे लक्षात न घेतल्याने वाद होतात. मूळ संहितेवरून स्वतःची रंगावृत्ती करणे हाच सरळ रस्ता.

संहिता कापताना

जुनी नाटके रात्रभर चालत. 'सौभद्रा'त पदांची संख्या शंभराच्या वर जाते, आज ती सगळी घेता येत नाहीत. वेळ असा धरा: 24 पदे, सरासरी 4 मिनिटांची, म्हणजे 96 मिनिटे. संवाद 75 मिनिटे. मध्यंतर 15, वन्स मोअर आणि प्रवेशबदल मिळून आणखी 15. एकूण 201 मिनिटे, म्हणजे जवळजवळ तीन तास वीस मिनिटे. याच्यावर जाऊ नका. नाट्यगृहाचे सत्र संपते, पुढचा प्रयोग दाराशी उभा असतो आणि तासगाव, बुधगावकडे जाणारा प्रेक्षक शेवटच्या गाडीसाठी उठायला लागतो.

कापताना हमखास होणारी चूक म्हणजे साकी, दिंडी, कामदा ही छोटी पदे आधी उडवणे आणि गाजलेली पदे सगळी ठेवणे. कथा पुढे नेण्याचे काम बहुतेकदा ही छोटी पदेच करतात, आणि एकेक दीड मिनिटात संपते. ती उडवली की दोन गाजलेल्या पदांच्या मधला दुवा तुटतो, नाटकाचे रूपांतर गाण्यांच्या कार्यक्रमात होते. कापायचीच तर एकच भाव पुन्हा सांगणारी पदे कापा. रुसवा एका पदात व्यक्त झाला असेल तर दुसरे नको. कापलेल्या जागी संवादाची किमान एक ओळ ठेवा, नाहीतर पुढच्या पदाला सूर द्यायला ऑर्गनवादकाला जागाच मिळत नाही.

पट्टी

पात्रयोजना झाली की वाचनाच्याही आधी एक संध्याकाळ फक्त पट्टी, म्हणजे गाणाऱ्याने आपला षड्ज (सा) कोणत्या सुरावर धरायचा ते, ठरवण्यासाठी ठेवा. प्रत्येक गाणाऱ्याने आपले सर्वांत उंच पद आणि सर्वांत खालचे पद उभे राहून, पूर्ण आवाजात म्हणायचे. बसून गुणगुणताना ठरवलेली पट्टी रंगमंचावर अर्ध्या सुराने जड पडते, कारण तिथे चालता-बोलता गायचे असते आणि आधीचा प्रवेश ओरडून झालेला असू शकतो. पुरुषांची पट्टी बहुधा पांढरी एक ते काळी दोनमध्ये, बायकांची काळी तीन ते काळी पाचमध्ये बसते (हे आकडे म्हणजे पेटीच्या सप्तकातल्या पांढऱ्या आणि काळ्या पट्ट्यांचे क्रमांक). शंका असेल तर अर्धा सूर खाली घ्या. तार सप्तकातली जागा किंचित सौम्य लागली तरी चालेल, तिसऱ्या अंकात आवाज फुटता कामा नये.

नायक-नायिकेची पट्टी वेगळी असते आणि पदे मात्र एकमेकांच्या पाठोपाठ येतात. ऑर्गनला त्याचे काही नाही, पण तबला एकाच सुराला लावलेला असतो. यावर जुनी आणि उत्तम युक्ती अशी: नायक काळी एकमध्ये गात असेल तर नायिकेची पट्टी काळी चार किंवा काळी तीन धरता येते का पाहा. काळी चारचा मध्यम (म) म्हणजे काळी एक. काळी तीनचा पंचम (प) म्हणजेही काळी एक. म्हणजे काळी एकला लावलेला एकच तबला नायकाला षड्जात, तर नायिकेला मध्यमात किंवा पंचमात साथ करतो, आणि पदापदाला तबला बदलण्याची धावपळ टळते. मात्र नायिकेचे पद पंचमप्रधान असेल, तर मध्यमाला लावलेला तबला कानाला टोचतो. अशा पदांपुरता तिच्या षड्जाचा दुसरा तबला बाजूला लावून ठेवावा. द्वंद्वगीत कोणाच्या पट्टीत घ्यायचे? ज्याची शेवटची ओळ तार सप्तकात जाते त्याच्या.

ठरलेली पट्टी संहितेत प्रत्येक पदाच्या डोक्यावर लिहा: पट्टी, ताल, सूर कोणत्या शब्दावर द्यायचा आणि उचल कितव्या मात्रेवरून. या संहितेच्या चार प्रती काढायच्या. ऑर्गन, तबला, विंगेतला सूचक आणि ध्वनिव्यवस्थेवर बसणारा माणूस, चौघांच्या हातात तेच पान हवे.

ऑर्गन, तबला, तानपुरा

जुना पायाचा ऑर्गन मिळाला तर सर्वांत उत्तम. भाड्याने किंवा उसना घेण्याआधी तो चालवून पाहा. दोन्ही पायडल सोडून एक पट्टी दाबून धरा. भाता लगेच रिकामा होत असेल तर कातड्याला किंवा रबरी कापडाला चीर आहे किंवा उंदराने कुरतडले आहे, आणि वादकाचे पाय दुसऱ्या अंकापर्यंत भरून येतील. मग सगळ्या पट्ट्या एकेक करून वाजवा. एखादा सूर बसल्या बसल्या वाजतच राहिला तर पट्टीखालची झडप धुळीने किंवा ओलीने नीट बंद होत नाही. एखादा सूर मुका असेल तर रीडमध्ये (सूर देणाऱ्या पितळी जिभेत) कचरा आहे. रीड आकड्याने बाहेर ओढून कोरड्या मऊ ब्रशने झटकावी. तोंडाने फुंकर मारू नये, वाफेने पितळ खराब होते आणि सूर हलतो. टेंपोत ऑर्गन उभाच ठेवावा, आडवा कधीच नाही, आणि चाकांखाली गोणपाट टाकून दोरीने बांधावा.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे या ऑर्गनचा मूळ सूर तपासणे. मोबाइलमधले ट्यूनर उघडून मधल्या सप्तकातली पांढरी सहा दाबा. 440 दिसले तर ठीक. जुन्या वाद्यांत तो याच्या पाच-सहा अंकांनी वर किंवा खाली असू शकतो. इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणि तबला याच सुराला लावा, कारण रीडचा सूर प्रयोगाच्या दिवशी बदलता येत नाही, बाकी सगळ्यांचा येतो. हे न केल्यामुळे 'आज गाणारा बेसूर होता' असा दोष नटाच्या माथी येतो. तो बिचारा तानपुरा आणि ऑर्गन यांच्या मधोमध अडकलेला असतो.

दुसरी गोष्ट गंधाराची, म्हणजे 'ग' या सुराची. ऑर्गनचे बारा सूर समान अंतरावर बांधलेले असतात, त्यामुळे त्याचा शुद्ध गंधार तानपुऱ्यात आपोआप ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा साधारण 14 सेंटने चढा असतो. एक सूर आणि त्याच्या शेजारचा अर्धा सूर यांतले अंतर 100 सेंटचे, त्यावरून कल्पना येईल. भूप, यमन, देसकार अशा रागांतल्या पदात गाणारा गंधारावर थांबला की ऑर्गनवादकाने तो सूर दाबून धरू नये. षड्ज-पंचमाचा भरणा ठेवून गंधार मोकळा सोडावा. चांगल्या साथीची ही खूण आहे.

तबले तीन हवेत. काळी एकसाठी साडेपाच इंचांच्या आतल्या तोंडाचा, काळी चार-पाचसाठी सहा इंचांच्या आसपासचा आणि मधल्या पट्ट्यांसाठी पावणेसहाचा. लहान तोंडाचा तबला ओढूनताणून खाली आणला तर त्याचा नाद मरतो, मोठा वर चढवला तर पुडी फाटते. लावताना गट्टे (तबल्याच्या अंगावरचे लाकडी ठोकळे) आणि गजरा (पुडीभोवतीचा कातड्याचा वळलेला कडा) यांचे काम वेगळे समजा: एका सुराहून जास्त फरक असेल तर गट्टे ठोका, बारीक फरक गजऱ्यावर. गजऱ्यावर वरून ठोका मारला की सूर चढतो, खालून मारला की उतरतो. गजऱ्यावरच्या सोळा घरांपैकी एक लावले की लगेच शेजारचे घेऊ नका, समोरचे घ्या. पहिले, मग नववे, मग पाचवे, मग तेरावे. असे केल्याने ताण सगळीकडून सारखा बसतो आणि किनारीवर सूर फिरत नाही. दिव्यांची उष्णता आणि एसीची कोरडी हवा या दोन्हींमुळे कातडे आवळते, तबला चढतो. म्हणून प्रेक्षक नसताना, दिवे बंद असताना केलेली जुळणी खरी नव्हे. प्रयोगाआधी तासभर एसी आणि रंगमंचाचे दिवे चालू करून मगच शेवटचे लावा. मध्यंतरात पुन्हा पाहा.

तानपुऱ्यासाठी सांगलीकरांना लांब जायला नको. मिरजेची तंतुवाद्ये देशभर जातात, इथल्या सतार आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. हंगामाच्या पंधरा दिवस आधी तानपुरे कारागिराकडे नेऊन जवारी (घोडीवरून तारेला येणारा झंकार) पाहून घ्या. गाणारी बाई असेल आणि गाणारा पुरुष असेल तर एकाच तानपुऱ्यावर दोघांचे भागत नाही, तारांची जाडी वेगळी लागते. मालकंसासारख्या पंचम नसलेल्या रागाच्या मैफलीत पहिली तार मध्यमाला लावायची, हे तानपुऱ्यावर बसणाऱ्या विद्यार्थ्याला आधी सांगून ठेवा.

तालमी

नवे नाटक उभे करायला आठ आठवडे धरा, आठवड्यातून चार दिवस, अडीच तास. पहिला आठवडा वाचन आणि पट्टी. पुढचे दोन आठवडे पदे आणि गद्य वेगवेगळे. चौथ्या आठवड्यापासून उभी तालीम, आणि इथून पुढे ऑर्गन-तबला रोज हवेतच असे नाही, पण आठवड्यातून दोनदा हवेत. साथ शेवटच्या आठवड्यात आणली की नट पेटीच्या किंवा मोबाइलच्या सुरावर पाठ झालेले असतात, त्यांची लय पक्की होऊन बसते आणि साथीदाराला फक्त मागे धावावे लागते.

तालमीत सर्वांत जास्त वेळ गद्यातून पदात जाण्याच्या जागेवर खर्च करा. संवाद संपला, नट थांबला, ऑर्गनकडे पाहिले, सूर आला, मग पद सुरू झाले, असे झाले की नाटक तिथेच बसते. सूर संवादाच्या शेवटच्या दोन-तीन शब्दांखालीच हळू सुरू झाला पाहिजे आणि नटाच्या बोलण्याची पट्टीही तिथे सुराजवळ आलेली हवी. प्रत्येक पदाची ही जागा सलग दहा वेळा करून घ्या, पद पूर्ण न म्हणता. तानांची तयारी नट घरी करतील.

वन्स मोअरचा नियम तालमीतच ठरवा: एका अंकात एकच, आणि तोही फक्त अस्ताई किंवा शेवटचा अंतरा. नट मोहात पडतो, म्हणून निर्णय ऑर्गनवादकाकडे द्या. त्याने सूर धरला तर पुन्हा, त्याने पुढच्या प्रवेशाचा सूर दिला तर पुढे.

रंगीत तालमी दोन करा आणि दोन्ही पूर्ण पोशाखात. मुकुट कानावरून खाली येत असेल तर गाणाऱ्याला ऑर्गन ऐकू येत नाही, त्याचा सूर चढतो. मुकुटाची कड कानाच्या वर किमान एक बोट राहिली पाहिजे. कमरेचा शेला बरगड्यांच्या खाली बांधा, पोटाला श्वासाला जागा द्या. जरीचा शालू आणि हार माइकवर घासतात, त्याचा उपाय पुढे आहे.

बसण्याची जागा आणि माइक

ऑर्गन आणि तबला रंगमंचाच्या पुढे, खाली, एकाच बाजूला एकमेकांशेजारी बसवा. दोघांना एकमेकांचे हात आणि नटाचा चेहरा दिसला पाहिजे. शोभेसाठी एक डावीकडे, एक उजवीकडे बसवण्याचा हट्ट धरू नका. आवाजाला दहा मीटर जायला साधारण 0.03 सेकंद लागतो. विलंबितात ते कळत नाही. द्रुत तीनतालात मात्र सम सैल पडल्यासारखी वाटते आणि दोघे एकमेकांवर चिडतात. विंगेत दोन्ही बाजूंना एकेक लहान स्पीकर ठेवून त्यात फक्त ऑर्गन सोडा, तोही हलका. नटाचा स्वतःचा आवाज त्यात सोडला की शिट्टी सुरू होते.

रंगमुख (रंगमंचाचे प्रेक्षकांकडचे तोंड) तीस फुटांचे असेल तर चार फूट-माइक पुरतात, कडेला पाच-सहा फूट सोडून. सगळे एकदम उघडे ठेवू नका. दोन माइक एकच आवाज थोड्या थोड्या अंतराने पकडतात आणि आवाज पिंपातून आल्यासारखा होतो. बोलणारा ज्याच्यासमोर आहे तोच उघडा, बाकीचे अर्ध्यावर. म्हणून ध्वनिव्यवस्थेवर बसणाऱ्याने दोन्ही रंगीत तालमींना हजर राहणे करारात लिहा. आयत्या वेळी आलेला तंत्रज्ञ कितीही हुशार असला तरी कोण कुठून येणार हे त्याला माहीत नसते. अंगावरचे माइक वापरणार असाल तर ते छातीवर लावू नका, शालूची सळसळ पदापेक्षा मोठी येते. कपाळाजवळ, केसांच्या कडेला, त्वचेच्या रंगाच्या चिकटपट्टीने लावा आणि घामासाठी मध्यंतरात पट्टी बदला. बॅटरी नवी, प्रत्येक प्रयोगाला.

ऑर्गनला माइक लावायचा तर मागच्या बाजूला, एक-दीड फुटांवर. पायडलजवळ लावला तर पायांची धडधड सभागृहभर ऐकू येते.

मैफली आणि एक वाद्यसंगीताची संध्याकाळ

मैफलीचे काम तुलनेने सोपे. 8 बाय 12 फुटांची, दीड फूट उंचीची बैठक, वर गादी नव्हे तर सतरंजी आणि पातळ चादर. जाड गादीत तबला-डग्गा रुततो आणि डग्ग्याचा घुमारा दबतो. बोलावताना कलाकाराला पट्टी, साथीदार त्याचे की तुमचे, आणि तानपुरे किती, एवढे लेखी विचारा.

हंगामात एक पाश्चात्त्य वाद्यसंगीताचा कार्यक्रम जरूर ठेवा. पूर्ण सिंफनी ऑर्केस्ट्रा आणि ऑपेरा ऐकायला मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात जावे, तिथे सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया 2006 पासून आहे. सत्तर-ऐंशी वादकांना लागणारा रंगमंच इथे नाही आणि खर्चही झेपणारा नाही. पण स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो, इथल्या नाट्यगृहात सहज मावते. 4 बाय 3 मीटर सपाट जागा, हात नसलेल्या सरळ बैठकीच्या चार खुर्च्या, स्वरलिपीचे चार स्टँड आणि पानांवर सावली न पाडणारा दिवा. माइक शक्यतो नको. मागे काळा पडदा सोडू नका, तो आवाज पितो. लाकडी फळ्यांची भिंत किंवा नाटकाचाच एखादा प्लायवूडचा सेट उभा करा. चेलोची टोकदार टेकू घसरते, तिच्यासाठी खरबरीत पायपुसणे द्या. हायडन, मोझार्ट यांची क्वार्टेट बहुधा चार भागांची असतात आणि भागांच्या मधे टाळ्या वाजवत नाहीत, हे कार्यक्रमपत्रिकेत मराठीत एका ओळीत छापा. आपला श्रोता दाद देणारा आहे. कुठे द्यायची हे आधी सांगितले तर त्याला अवघडल्यासारखे होत नाही.

परवाने आणि पैसे

नाटकाच्या संहितेला महाराष्ट्र राज्य रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र घ्या. तुमची रंगावृत्ती नवी असेल तर तीच पाठवा आणि दोन महिने हातात ठेवा. मैफल उघड्या प्रांगणात असेल तर ध्वनिवर्धक रात्री 10 ला बंद. बंद सभागृहाला तो नियम तसा लागू नसला तरी नाट्यगृहाची स्वतःची वेळ असतेच.

हिशेब 60 टक्के खुर्च्यांवर मांडा. समजा सातशे खुर्च्या आणि एका प्रयोगाचा खर्च ₹1,80,000. साठ टक्के म्हणजे 420 तिकिटे, म्हणजे सरासरी तिकीट ₹430 च्या आसपास हवे. ₹500 ची 120, ₹400 ची 180 आणि ₹250 ची 120 तिकिटे गेली तर ₹1,62,000 होतात. उरलेले ₹18,000 स्मरणिकेतल्या जाहिरातींतून काढा. नाटक-संगीताच्या तिकिटाला माणशी ₹500 पर्यंत जीएसटीतून सूट मिळत आली आहे. हंगाम ठरवताना चालू नियम सीएकडून तपासून घ्या. सबंध हंगामाचा पास एकूण तिकिटांपेक्षा वीस-पंचवीस टक्के स्वस्त ठेवा आणि दिवाळीआधी विका, म्हणजे नाट्यगृहाची अनामत भरायला हातात पैसा येतो. फुकट पास मात्र शंभरावर जाऊ देऊ नका. फुकट पासवाले येत नाहीत आणि पुढच्या रांगा रिकाम्या दिसतात, नटाचे मन तिथेच खचते.

प्रयोगाचा दिवस

रविवारचा प्रयोग साडेपाचला लावा. नऊच्या आत संपला की मिरज, हरिपूर, माधवनगर, कुपवाडचा प्रेक्षक निवांत घरी पोचतो.

सकाळी नऊला नेपथ्य आणि दिवे. ऑर्गन दहाला आत यावा आणि त्याला हलवू नये. दुपारी दोनला ध्वनीची चाचणी, तीही बोलून नव्हे, प्रत्येकाचे सर्वांत उंच पद गाऊन. साडेतीनला सगळ्यांनी हलके खाऊन घ्यायचे. चारला रंगभूषा, साडेचारला एसी आणि दिवे चालू. पाचला पडद्यामागे सगळे गाणारे ऑर्गनभोवती उभे करून प्रत्येकाला त्याचा षड्ज द्या आणि नांदी एकदा म्हणून घ्या. तिसरी घंटा वेळेवर. पहिल्या प्रयोगाला दहा मिनिटे उशीर केला की हंगामभर प्रेक्षक दहा मिनिटे उशिरा येतो.

मध्यंतरात भडंग आणि चहा द्या, पण पुड्या आत नेऊ देऊ नका. भडंगाच्या कागदाची कुरकुर फूट-माइकपर्यंत पोचत नाही, शेजारच्याच्या कानापर्यंत नक्की पोचते. दारावर उभ्या कार्यकर्त्यांना हे काम नेमून द्या. पद चालू असताना उशिरा आलेल्याला आत सोडायचे नाही, टाळ्या पडल्या की सोडायचे.

प्रयोग संपल्यावर तानपुऱ्याच्या तारा थोड्या सैल करून गवसणीत घाला, तबल्यावर गाद्या ठेवा, ऑर्गनची झाकणे लावून पायडलला कापड गुंडाळा. त्याच रात्री ऑर्गन आणि ध्वनिव्यवस्थेच्या संहितेवर कोणत्या पदाला किती मिनिटे लागली, कुठे सूर उशिरा आला, कुठे माइक चुकला हे पेन्सिलने लिहून ठेवा. दुसऱ्या प्रयोगाची पहिली तालीम या पानांवरूनच घ्यायची असते. साथीदारांची बिदागी त्याच रात्री चुकती करा आणि पुढच्या हंगामाच्या तारखा मार्च संपायच्या आत त्यांच्याकडून लेखी घेऊन ठेवा.